लिनक्स कर्नलचं घड्याळ: वेळ कुठून येते, कशी मोजली जाते आणि बिघडली तर कुठं पाहायचं

‘किती वाजले?’ आणि ‘किती वेळ गेला?’ हे दोन्ही प्रश्न आपण मनगटावरच्या एकाच घड्याळाला विचारतो. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, त्यांची उत्तरं वेगवेगळी घड्याळं देतात. सर्व्हरवर वेळेच्या ज्या भानगडी होतात, त्यांतल्या पुष्कळशा या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळंच होतात. पुढचं सगळं लिनक्सबद्दल आहे, मुख्यतः एक्स८६ (इंटेल, एएमडी) मशीनवरच्या. एआरएम या दुसऱ्या प्रोसेसर-घराण्याचा उल्लेख गरजेपुरता. आज्ञा आणि फायलींची नावं इथं देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन, लहान अक्षरांत टाइप करायची; क्लॉक_रिअलटाइम, सीएलके_टीसीके, कॉन्फिग_एचझेड, पीएचसी, _टाइम_बिट्स यांसारखी नावं मात्र मोठ्या अक्षरांत.

मशीनमध्ये काय काय टिकटिकतं

मदरबोर्डवर सीआर२०३२ सेलवर चालणारं एक घड्याळ असतं: आरटीसी (रिअल टाइम क्लॉक). त्याच्या क्वार्ट्झ स्फटिकाची कंपनं सेकंदाला ३२,७६८, म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. हे घड्याळ सेकंदापेक्षा बारीक वेळ सांगत नाही. कर्नल ते सुरू होताना एकदा वाचतं, मशीन झोपेतून उठल्यावर पुन्हा वाचतं, आणि एरवी वेळ राखण्यासाठी त्याच्याकडं बघतही नाही. म्हणून सेल संपलेला सर्व्हर महिनोन्महिने बरोबर वेळ दाखवतो आणि वीज जाऊन परत आली की थेट भलत्याच वर्षात उठतो.

दुसरा, जुना पीआयटी (प्रोग्रॅमेबल इंटरव्हल टायमर). त्याची वारंवारता १.१९३१८२ मेगाहर्ट्झ. हा विचित्र आकडा अमेरिकी रंगीत टीव्हीसाठी बनणाऱ्या स्फटिकातून आला: १४.३१८१८ मेगाहर्ट्झला १२ नं भागा. काउंटर १६ बिटांचा, त्यामुळं तो जास्तीत जास्त ५४.९ मिलिसेकंदांत भरतो. आज त्याचं उरलेलं काम म्हणजे जुन्या प्रोसेसरांवर सुरुवातीला टीएससी या प्रोसेसरातल्या काउंटरचा (त्याच्याबद्दल पुढं) वेग ताडून पाहणं. एसीपीआय पीएम टायमर त्याच स्फटिकाच्या चौथ्या हिश्श्यावर, ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो. २४ बिटांचा असेल तर ४.७ सेकंदांत शून्यावर येतो. एचपेट (हाय प्रिसिजन इव्हेंट टायमर) किमान १० मेगाहर्ट्झचा असतो, पण तो वाचायला प्रोसेसरला स्वतःच्या बाहेर, मदरबोर्डवरच्या चिपसेटपर्यंत जावं लागतं. त्या फेरीला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ जातो.

खरा कामाचा टीएससी (टाइम स्टॅम्प काउंटर). तो १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या आतच आहे आणि एका सूचनेत वाचता येतो. पूर्वी त्याच्या तीन खोडी होत्या: प्रोसेसरचा वेग बदलला की त्याचाही बदलायचा, कोअर गाढ झोपेत गेला की तो थांबायचा, आणि दोन कोअरांचे आकडे जुळायचे नाहीत. आजच्या प्रोसेसरांत पहिल्या दोन गेल्या आहेत. तिसरी मात्र मदरबोर्ड आणि बायोस (मशीन सुरू करणारी बोर्डावरची प्रणाली) यांच्या कृपेनं अधूनमधून भेटते. एआरएमवर हेच काम जेनेरिक टायमर करतो. त्याची वारंवारता बोर्डागणिक वेगळी: कुठं २४ मेगाहर्ट्झ, कुठं १९.२, रास्पबेरी पाय ४ वर ५४.

कर्नल या उपकरणांकडून दोन वेगळी कामं घेतं. ज्याचा आकडा वाचायचा तो ‘क्लॉकसोर्स’. ज्याला गजर लावायचा तो ‘क्लॉकइव्हेंट’. एक्स८६ वर सहसा टीएससी वाचला जातो आणि गजर प्रत्येक कोअरजवळच्या लोकल एपिक या इंटरप्ट हाताळणाऱ्या भागातल्या टायमरला लावला जातो. हा भेद डोक्यात पक्का असला की बिघाड शोधणं निम्मं सोपं होतं. घड्याळ चुकीची वेळ दाखवत असेल तर क्लॉकसोर्स पाहा. वेळ बरोबर असून कामं उशिरा सुरू होत असतील तर क्लॉकइव्हेंट आणि शेड्यूलर (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) पाहा.

पायरी १: कोणता क्लॉकसोर्स चालू आहे?

‘कॅट’ आज्ञेनं ही फाइल वाचा: /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स. त्याच फोल्डरातल्या अव्हेलेबल_क्लॉकसोर्समध्ये पर्यायांची यादी असते. प्रत्यक्ष मशीनवर ‘टीएससी’ दिसायला हवं, केव्हीएम या लिनक्सच्या सोयीवर चालणाऱ्या आभासी मशीनवर ‘केव्हीएम-क्लॉक’ किंवा ‘टीएससी’, एआरएमवर ‘आर्च_सिस_काउंटर’.

मग /प्रॉक/सीपीयूइन्फोमधल्या ‘फ्लॅग्ज’ ओळीत चार शब्द शोधा. कॉन्स्टंट_टीएससी: वेग बदलला तरी काउंटर एकसारखा चालतो. नॉनस्टॉप_टीएससी: गाढ झोपेतही थांबत नाही. टीएससी_डेडलाइन_टायमर: ‘टीएससी अमुक आकड्यावर पोचला की उठव’ असा गजर लावता येतो. अरॅट: लोकल एपिकचा गजर कोअर झोपल्यावरही वाजतो. पहिल्या दोनपैकी एक जरी नसेल तर त्या मशीनवर टीएससीचा आग्रह धरू नका.

‘एचपेट’ किंवा ‘एसीपीआय_पीएम’ दिसलं तर कर्नलचे निरोप दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ (डी-एम-ई-एस-जी) आज्ञेत ‘क्लॉकसोर्स’ शब्द शोधा. बहुतेकदा टीएससी ‘अनस्टेबल’ ठरवल्याचा निरोप सापडेल. हा निरोप वॉचडॉगचा, म्हणजे क्लॉकसोर्सवर पहारा ठेवणाऱ्या कर्नलच्या भागाचा. तो दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची तुलना दुसऱ्या काउंटरशी करतो आणि तफावत हाताबाहेर गेली की टीएससी बाद करतो. कारणं मुख्यतः तीन. बायोसनं पाठीमागं टीएससीमध्ये ढवळाढवळ केली. एकाहून जास्त सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) असलेल्या बोर्डावर दोन प्रोसेसरांचे काउंटर जुळले नाहीत. किंवा टीएससी निर्दोष असून वॉचडॉगलाच दोन वाचनांच्या मधे बराच काळ अडवलं गेलं; कामाचा फार भार असलेल्या आभासी मशीनवर असं होतं. नव्या कर्नलांत वॉचडॉग संशय आला की पुन्हा वाचून खात्री करतो, आणि टीएससी_ॲडजस्ट हा फ्लॅग असलेल्या कमी सॉकेटांच्या मशीनवर तो टीएससीच्या मागं लागतच नाही.

याची किंमत किती पडते, ते हिशेबानं पाहा. टीएससी असताना वेळ विचारणं व्हीडीएसओतून, म्हणजे कर्नलमध्ये न शिरताच होतं आणि २०-३० नॅनोसेकंदांत आटोपतं. एचपेट असताना दर वेळी कर्नलमध्ये जाऊन चिपसेट गाठावा लागतो, म्हणजे मायक्रोसेकंदाहून जास्त. डेटाबेस सेकंदाला १० लाख वेळा वेळ विचारत असेल, तर एक अख्खा कोअर निव्वळ ‘किती वाजले’ विचारण्यात जातो. ‘कालपासून सर्व्हर अचानक मंद झाला, कोड तर बदलला नाही’ अशी तक्रार आली, तर ही फाइल सगळ्यात आधी वाचावी.

बूट पॅरामीटरमध्ये, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांत, ‘टीएससी=रिलायबल’ लिहून वॉचडॉग गप्प करता येतो. पण कारण समजल्याशिवाय हे करू नका. आधी बायोस अद्ययावत करा, मग क्रोनी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम, पायरी ५ पाहा) चालू ठेवून २४ तास निरीक्षण करा. क्रोनी दाखवतो ती फ्रिक्वेन्सी (घड्याळाच्या वेगातली चूक) एका आकड्याभोवती स्थिर राहिली तरच टीएससीवर विश्वास टाका.

पायरी २: काउंटरचे नॅनोसेकंद कसे होतात

वेळ वाचण्याच्या या सतत वापरल्या जाणाऱ्या वाटेवर कर्नल भागाकार टाळतं. तो महाग पडतो. त्याऐवजी एक गुणक आणि एक सरकवणी आधीच ठरवून ठेवतं. नॅनोसेकंद = (काउंटरमधली वाढ × गुणक), मग तो आकडा सरकवणीइतके बिट उजवीकडं.

२४ मेगाहर्ट्झचा काउंटर घ्या. एका ठोक्याला ४१.६६६… नॅनोसेकंद. सरकवणी १० घेतली, तर गुणक ४१.६६६… × १,०२४ = ४२,६६६.६७. अपूर्णांक ठेवता येत नाही म्हणून ४२,६६७ घेऊ. एवढ्याशा फरकानं घड्याळ दहा लाखांत ७.८ भाग, म्हणजे दिवसाला ०.६७ सेकंद पुढं जाईल. सरकवणी २४ घेतली की गुणक ६९,९०,५०,६६७ होतो आणि चूक दिवसाला सुमारे ४१ मायक्रोसेकंदांवर येते. स्फटिक तोच, तारा त्याच. बदललं ते फक्त गणित.

मग सरकवणी आणखी का वाढवत नाहीत? गुणाकार ६४ बिटांत मावला पाहिजे म्हणून. वरच्या गुणकानं साधारण १,१०० सेकंदांची, म्हणजे १८ मिनिटांची वाढ गुणली की ६४ बिट भरतात. त्याआधी कर्नलनं साचलेली वाढ हिशेबात जमा करून काउंटरची नवी सुरुवात धरायला हवी. म्हणूनच कर्नल गुणक निवडताना रुंद काउंटरांसाठी १० मिनिटांचा अंदाज धरतं, आणि निवांत झोपलेल्या मशीनलाही एका मर्यादेपलीकडं झोपू देत नाही. ही मर्यादा ‘डीमेसेज’मध्ये मॅक्स_आयडल_एनएस या नावानं छापली जाते, टीएससीसाठी ४४० सेकंदांच्या आसपासचा आकडा नेहमी दिसतो.

हे गणित चुकलं की काय होतं याचा दाखला लिनक्समध्येच आहे. शेड्यूलरचं अंतर्गत घड्याळ एके काळी टीएससीचा सुरुवातीपासूनचा अख्खा आकडा गुणून १० बिट सरकवायचं. त्यामुळं २ चा ५४ वा घात इतके नॅनोसेकंद झाले की ते उलटायचं. हे होतात २०८.५ दिवस. सात महिने बिनतक्रार चाललेले सर्व्हर यामुळं कोसळले होते. २.६.३२ च्या काळातलं जुनं कर्नल अजून कुठं कोपऱ्यात चालू असेल, तर ‘अपटाइम’ २०० दिवसांच्या पुढं गेलाय का ते पाहा आणि ठरवून रीबूट करा.

पायरी ३: टिक, जिफी आणि एचझेड

टिक म्हणजे कर्नलला ठरावीक अंतरानं उठवणारा ठोका. दर सेकंदाला किती वेळा टिक वाजवायची, तो आकडा एचझेड. आय३८६ वर तो आधी १०० होता, २.६ मध्ये १,००० झाला, २.६.१३ पासून (२००५) मूळ निवड २५०. आपला आकडा /बूट फोल्डरातल्या ‘कॉन्फिग’नं सुरू होणाऱ्या फाइलमध्ये कॉन्फिग_एचझेड या ओळीत असतो. ‘गेटकॉन्फ सीएलके_टीसीके’ नेहमी १०० सांगतं. तो वापरकर्त्यांना दाखवण्यासाठी गोठवलेला आकडा आहे, कर्नलचा खरा एचझेड नव्हे. ही चूक फार जणांकडून होते.

प्रत्येक टिकला ‘जिफीज’ हा काउंटर एकानं वाढतो. ३२ बिटांवर आणि एचझेड १,००० असताना तो ४९.७ दिवसांत उलटतो. उलटण्याच्या वेळचे दोष दीड महिन्यानं कळण्याऐवजी लगेच कळावेत म्हणून कर्नलकारांनी एक सुरेख युक्ती केली: जिफीज शून्यापासून सुरूच करत नाहीत, बूटनंतर ५ मिनिटांत उलटेल अशा आकड्यापासून सुरू करतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी दोन जिफींची तुलना ‘मोठा-लहान’ चिन्हानं न करता टाइम_आफ्टर, टाइम_बिफोर या मॅक्रोंनी करावी, त्याचं कारण हेच.

आजची वेळ टिक मोजून ठरत नाही, काउंटर वाचून ठरते. एखादी टिक हुकली तरी वेळ चुकत नाही. २००७ च्या २.६.२१ पासून तर रिकामा कोअर टिक बंद करूनच झोपतो.

टायमर दोन जातींचे. नेटवर्कच्या टाइमआउटसारखे, जे बहुधा वाजण्याआधीच रद्द होतात, ते टायमर व्हीलमध्ये, म्हणजे वेळेच्या घरांत विभागलेल्या यादीत, जातात. तिथं २०१६ च्या ४.८ पासून लांबचे टायमर मुद्दाम जाडेभरडे ठेवले आहेत: एचझेड १,००० असताना जवळचे १ मिलिसेकंदाच्या घरांत, त्यापुढचे ८ च्या, मग ६४ च्या. नेमक्या वेळेला उठायचं असेल तर एचआरटायमर (बारीक अचूकतेचे टायमर). ‘नॅनोस्लीप’ यावरच चालतं. तरी १ मिलिसेकंद झोपायला सांगितलं तर मोजणीत १.०५ च्या पुढं येतं, कारण साध्या थ्रेडला ५० मायक्रोसेकंदांची ‘टायमर स्लॅक’ असते. जवळपासचे गजर एकत्र वाजवून वीज वाचवण्यासाठी ही सूट आहे. ती ‘पीआरसीटीएल’नं कमी करता येते, तातडीच्या कामांसाठीच्या ‘रिअलटाइम’ थ्रेडला ती लागूच नसते. उशीर मोजायला आरटी-टेस्ट्स संचातलं ‘सायक्लिकटेस्ट’ वापरा, आणि सरासरीकडं न पाहता कमाल आकडा पाहा.

पायरी ४: प्रोग्रॅममध्ये कोणतं घड्याळ वापरायचं

क्लॉक_रिअलटाइम म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. ते मागं-पुढं उडी मारू शकतं. लॉगमधल्या नोंदी, पावतीवरची तारीख, यांसाठी ते योग्य. टाइमआउट मात्र त्यावर कधीही बेतू नका: घड्याळ ४० सेकंद मागं घेतलं गेलं की ५ सेकंदांचा टाइमआउट ४५ सेकंदांचा होतो, आणि ‘शेवट वजा सुरुवात’ ऋण येतं.

काळ मोजायला क्लॉक_मोनोटॉनिक. ते मागं जात नाही, मशीन झोपलेलं असताना थांबतं. लॅपटॉप बंद असतानाचा काळही धरायचा असेल तर क्लॉक_बूटटाइम. मिलिसेकंदांवर भागत असेल आणि हजारो नोंदी करायच्या असतील तर ‘कोर्स’ (जाडीभरडी) जातीची घड्याळं स्वस्त पडतात. त्यांची बारकाई एका टिकएवढी, एचझेड २५० असताना ४ मिलिसेकंद.

एक बारकावा वेग मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. मोनोटॉनिक उडी मारत नाही, पण त्याचा वेग एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) बदलू शकतं. क्रोनी मोठी चूक हळूहळू भरून काढत असेल तर मूळ मांडणीत घड्याळ बारावा हिस्सा, म्हणजे ८ टक्क्यांहून जास्त वेगानं किंवा संथ चालवायची त्याला मुभा असते. सुरू झाल्या झाल्या घेतलेल्या चाचणीत ‘८ टक्के सुधारणा’ दिसली तर आनंद मानण्याआधी क्रोनी स्थिर झालाय का पाहा. क्लॉक_मोनोटॉनिक_रॉ या दुरुस्तीपासून अलिप्त असतं, पण मग स्फटिकाची स्वतःची चूक त्यात शिल्लक राहते.

पायरी ५: वेळ बाहेरून जुळवणं

दहा लाखांत एक भाग, म्हणजे १ पीपीएम चूक, दिवसाला ८६.४ मिलिसेकंद पडते. २० पीपीएमचा स्फटिक दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला जवळपास मिनिटभर चुकतो, आणि तापमान बदललं की हा आकडाही हलतो.

क्रोनीच्या कॉन्फिग फाइलमध्ये किमान इतकं हवं: चार ‘सर्व्हर’ ओळी, प्रत्येकीपुढं ‘आयबर्स्ट’ (सुरुवातीची जुळणी पटकन व्हावी म्हणून), ‘मेकस्टेप १.० ३’, म्हणजे पहिल्या तीन जुळणींतच, आणि चूक सेकंदाहून मोठी असेल तरच उडी. आणि ‘आरटीसीसिंक’, ज्यानं कर्नल दर ११ मिनिटांनी आरटीसीत वेळ लिहितं. फाइलमध्ये आकडे अर्थातच इंग्रजी. दोनच सर्व्हर ठेवू नका, कारण त्यांचं पटलं नाही तर खरं कोण हे ठरवता येत नाही. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडं, एनपीएलकडं आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागणाऱ्या सर्व्हरशी जुळवायची आहेत.

‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ चालवून ‘सिस्टम टाइम’ आणि ‘फ्रिक्वेन्सी’ पाहा. फ्रिक्वेन्सी १०-२० पीपीएम असेल तर सारं ठीक. ती ३०० वगैरे असेल तर टीएससीचा वेग सुरुवातीला चुकीचा मोजला गेलाय असं समजा. ५०० ही कर्नलच्या फ्रिक्वेन्सी दुरुस्तीची सीमा आहे. निव्वळ त्या दुरुस्तीवर चालणारा एनटीपीडी हा जुना प्रोग्रॅम त्यापुढं हात टेकतो. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यादीत) एका झटक्यात वेळ लावणाऱ्या ‘एनटीपीडेट’ची जुनी ओळ राहून गेली असेल तर आजच काढा, ती रोज रिअलटाइमला धक्का देते आणि क्रोनीचा हिशेब मोडते.

आभासी मशीनवर यजमानाचं, म्हणजे ते चालवणाऱ्या खऱ्या मशीनचं, घड्याळ हाताशी असतं. केव्हीएमवर ‘पीटीपी_केव्हीएम’ मॉड्यूल चढवलं की /डेव्ह/पीटीपी० मिळतं. क्रोनीत ‘रेफक्लॉक पीएचसी’ ओळीनं ते जोडा. नेटवर्कची वाट टळते. फक्त यजमानाची वेळ स्वतः बरोबर हवी.

साडेपाच तासांचा घोळ

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स असेल, आणि एकातून दुसऱ्यात गेल्यावर घड्याळ नेमकं साडेपाच तास चुकत असेल, तर बिघाड कशातच नाही. विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानतं; आपला फरक ५:३०. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून ‘आरटीसी इन लोकल टीझेड’ पुढं ‘नो’ आहे ना पाहा. नसेल तर ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०’. मग विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशन या की-खाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही डीवर्ड किंमत १ करा.

लीप सेकंद आणि २०३८

लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवण्यासाठीचा जादा सेकंद, यूटीसीच्या मध्यरात्री घालतात, आपल्याकडं तेव्हा पहाटेचे साडेपाच. १ जुलै २०१२ ला त्या क्षणी कर्नलनं वेळ एक सेकंद मागं घेतली, पण एचआरटायमरला ते कळवायचं राहून गेलं. टायमर एक सेकंद पुढंच राहिले, छोटे टाइमआउट ताबडतोब संपू लागले, आणि जगभर असंख्य सर्व्हरांचे कोअर शंभर टक्क्यांवर गेले. ‘डेट’ आज्ञेनं आहे तीच वेळ पुन्हा लावली की टायमरना निरोप पोचायचा आणि मशीन शांत व्हायचं. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस घातला. तेव्हापासून टीएआय (लीप सेकंद न घालणारी अणुवेळ) यूटीसीच्या ३७ सेकंद पुढं आहे. क्लॉक_टीएआय वापरणार असाल तर हा फरक कर्नलला क्रोनीकडून ‘लीपसेकटीझेड’ ओळीनं मिळतोय याची खात्री करा. नाहीतर कर्नल तो शून्य धरतं.

३२ बिटांत साठवलेली, १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. ६४ बिटांच्या कर्नलला त्याची झळ नाही. ३२ बिटांच्या राउटर, मीटर, नियंत्रक अशा उपकरणांसाठी कर्नल ५.६ किंवा पुढचं, जीलिबसी (प्रोग्रॅमांना लागणारी मूळ सी लायब्ररी) २.३४ किंवा पुढचं हवं, आणि प्रोग्रॅम ‘_टाइम_बिट्स’ ६४ ठेवून पुन्हा बांधलेले हवेत. तिन्हीपैकी एक राहिलं तरी उपयोग नाही. ६४ बिटांवरही एक जागा तपासा: जुनी एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) डिस्क. ‘ट्यून२एफएस’ला लहान अक्षरातलं ‘-एल’ देऊन ‘आयनोड साइझ’ (फाइलच्या नोंदीचा आकार, बाइटांत) पाहा. २५६ असेल तर फायलींच्या तारखा २४४६ पर्यंत निभतात. १२८ असेल तर त्या २०३८ लाच अडतात. अशी डिस्क डेटा बाजूला काढून २५६ च्या आयनोडनं नव्यानं फॉरमॅट करा.